गाळलेली ओळ

ऐक, एक कबूल करायचंय.
कन्फेशनमध्ये नाही. तिथे फादर आल्बान आवाज ओळखतात
आणि नंतर बाजारात भेटले की
उगाच जास्तीची चौकशी करतात.

गेले सतरा दिवस मी एक ओळ गाळते.
सगळे म्हणतात तेव्हा नुसते ओठ हलवते.
'तुझ्या इच्छेप्रमाणे' आलं की आवाज बंद,
भाकरीपाशी पुन्हा सुरू.
कुणाच्या लक्षात येत नाही.
शेजारी रेनिटा एवढ्या मोठ्यांदा म्हणते
की तिच्या आवाजात माझं गप्प राहणं खपून जातं.

कारण तुझी इच्छा काय, मला माहीत नाही.
आणि मम्मी बांबोळीला आहे.
मानेवरची गाठ काढून कुठल्याशा बाटलीतून
तपासायला पाठवलीय. रिपोर्ट मंगळवारी.
तू तो आधीच वाचला असशील.
हाच तर राग आहे.

शुक्रवारी युवा गटात चिठ्ठ्या लिहायच्या होत्या.
मेल्विनने लिहिलं, बारावीचं फिजिक्स.
रेनिटाने लिहून लगेच दुमडलं,
(मला ठाऊक आहे, शिरोड्याचा आहे तो.)
मी कोरीच टाकली.
सिस्टर म्हणाल्या, विश्वास ठेव, सगळं चांगलं होईल.

रुजायमावशीच्या मुलासाठीही आम्ही
नऊ दिवसांचा नोव्हेना केला होता, सिस्टर.
मेणबत्त्या संपल्या म्हणून वाढदिवसाच्या लावल्या.
होडी परत आली.

हे मी त्यांना म्हटलं नाही. तुला म्हणतेय.

रविवारी मिस्सा सुटल्यावर उभादांड्याला रापण लागली होती.
घरी जायचं नव्हतं, पप्पा पुन्हा भात करपवणार होते.
चपला काढल्या आणि दोर धरला.
पुढे कायतानकाका, मागे कुबलांची सून,
कुणी विचारलं नाही तू का आलीस.
मागे मागे सरकत ओढायचं,
तोंड समुद्राकडे, पाठीमागे काय आहे ते न बघता.
जाळं दिसतच नाही. दूर थोडे ठिपके, वर घारी.

"काका, काय गावला आसात?"
"माका काय म्हायत? जड लागता, म्हणजे काय तरी आसा."
"आणि नुसता शेवाळ निघाला तर?"
"तरी जाळा भायर काढूकच व्हया. ओढ गो."

दोन तास.
मध्ये कधीतरी लक्षात आलं, मी पुटपुटतेय,
ओढ, ओढ, ओढ.
तुला की दोराला, ते तूच ठरव.

निघालं काय, तर तारल्या, मोरीची दोन पिल्लं,
ढीगभर जेलीफिश, एक निळी चप्पल.
हात लावला त्याला वाटा.
माझ्या पिशवीत अकरा तारल्या.

सोमवारी रात्री लाईट गेली.
अल्तारासमोर आम्ही तिघं, एक मेणबत्ती.
पप्पांनी सुरुवात केली, बरी चालली होती,
आणि त्या ओळीशी
पप्पा थांबले.

मला वाटत होतं, गाळणारी मी एकटीच.

नऊ वर्षांचा सिरिल मात्र थांबला नाही.
घाबरून आमच्याकडे बघत
ती अख्खी ओळ एकटाच म्हणत गेला,
सगळ्यांनी सोडलेला दोर
एकट्याच्या हातात राहावा तसा.
पोरगं वाहून जाईल अशाने.
म्हणून मी धरला, मागून.
सगळे शब्द नाही आले. 'तुझ्या' आला,
मग खोकला, मग 'होवो'.
पप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला
आणि आम्ही भाकरीपर्यंत पोचलो.

तळहात सोललेत. जोडले की चुरचुरतात.

पहाटेची एसटी आहे.
तारल्यांचं तिखलं केलंय, तिरफळं घालून.
मम्मीला चालतं का, डॉक्टरांना विचारलेलं नाही.
तू काय ठरवायचं ते ठरवलं असशील.
पण डब्याचं झाकण सैल आहे,
पत्रादेवीपर्यंत तेवढं सांभाळ.